परळ नावाचे गाव

मध्य मुंबईत पत्ता सांगताना 'परळ गाव' असा उल्लेख आजही होतो. पाकिटावर त्याचेच 'परळ व्हिलेज' होते. नवख्या माणसाला याचे नवल वाटते. ज्या परिसरात चाळीस-पन्नास मजल्यांचे मनोरे उभे आहेत, जेथून हजारो माणसे रोज सकाळी आगगाडीच्या दोन मार्गांवरून कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात, त्या परिसरात गाव कोठले? पण जुन्या रहिवाशाला हा प्रश्न पडत नाही. बारादेवीच्या देवळाभोवतीची वस्ती त्याच्या लेखी गावच आहे. भोईवाडा, पोयबावाडी, नायगाव या शेजारच्या नावांतही वाडा, वाडी आणि गाव टिकून आहेतच. नावे टिकली म्हणजे गाव टिकले असे मात्र नाही. गाव नेमके कशाने होते आणि कशाने मोडते, याचा विचार करावयाचा तर परळइतके बोलके उदाहरण मुंबईत दुसरे नाही.

परळ या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. कोणी ते पाडळ वृक्षावरून आले असे म्हणतात, तर कोणी परळी वैजनाथाच्या देवस्थानाशी त्याचा संबंध जोडतात. व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी मुंबईच्या सात बेटांपैकी एक असलेल्या या जागेची वस्ती किती जुनी आहे, याची साक्ष दोन दगड देतात. पहिला दगड १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना जमिनीखाली सापडला. एकाच प्रचंड शिळेत कोरलेल्या या शिल्पात मध्यभागी शिव उभा आहे आणि त्याच्या देहातून वर व दोन्ही बाजूंना शिवाच्याच मूर्ती प्रकट होत आहेत. मूर्ती एकूण सात, आणि पायाशी वाद्ये घेतलेले गण. सहाव्या शतकाच्या आसपासचे हे शिल्प घारापुरीच्या लेण्यांशी नाते सांगते. ते बारादेवीच्या आवारात ठेवले गेले आणि तेथे त्याची पूजा सुरू झाली. अभ्यासकांनी त्याचे मोल जाणले, तसेच वस्तीनेही आपल्या परीने ते जाणले.

दुसरा दगड अधिक बोलका आहे. शिलाहार राजा अपरादित्य याचा इ.स. ११८७ चा शिलालेख परळला सापडला. साष्टीतील एका वाडीच्या उत्पन्नातून वैद्यनाथाच्या पूजेसाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. लेख संस्कृतात आहे; पण शेवटी, जो कोणी हे शासन मोडील त्याला उद्देशून शाप उच्चारण्याची वेळ येते तेव्हा कोरणाऱ्याने संस्कृत सोडून लोकांची मराठी धरली आहे. हा शाप आजच्या वृत्तपत्रात छापण्याजोगा नाही. त्यामागचा हेतू मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. दान राजाचे, पण ते पाळण्याची जबाबदारी पुढच्या साऱ्या पिढ्यांची. ही जबाबदारी ज्यांना समजावी असे वाटते त्यांच्याच भाषेत ती सांगितली पाहिजे, हे बाराव्या शतकातल्या त्या अधिकाऱ्याला कळत होते. जमिनीविषयी दिलेला शब्द दगडावर कोरायचा, सर्वांना दिसेल असा उभा करायचा आणि तो मोडणाऱ्याला धाक घालायचा, ही गावाच्या व्यवस्थेची मूळ रीत होय. अशा शब्दाच्या आधारावाचून घरे एकत्र आली तर वस्ती होते, गाव होत नाही.

परळच्या जमिनीवर पुढे अनेकांचा हक्क आला. पोर्तुगीज काळात येथली मोक्याची जागा जेझुइट पंथीयांच्या ताब्यात होती. अठराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांनी ती घेतली आणि तेथे गव्हर्नरांचे उपवनगृह केले. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी १७७१ च्या सुमारास येथे राहावयास आला. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून आत घुसणारे समुद्राचे पाणी रोखणारा बांध ज्याच्या नावाने ओळखला जातो, तोच हा हॉर्नबी. या बांधामुळे भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारी सखल जमीन कोरडी होऊ लागली आणि परळ बेट राहिले नाही. पुढे गिरण्या, चाळी आणि रेल्वेचे कारखाने यांना जागा मिळाली ती या पाणी हटवण्यातून.

### पाण्यातून काढलेली जमीन

समुद्राकडून जमीन हिसकावून घेणारा देश म्हणून हॉलंडचे नाव जगभर घेतले जाते. तेथील अनेक खेडी समुद्रसपाटीच्या खाली वसली आहेत. बेमस्टर नावाचे विस्तीर्ण सरोवर १६१२ साली उपसून तेथे शेते आणि गावे उभी करण्यात आली. त्याला आज जागतिक वारशाचा दर्जा आहे. ते काम धनिकांच्या भांडवलावर झाले आणि त्यात नफ्याची अपेक्षा होती, हेही खरे. तथापि त्या देशात तेराव्या शतकापासून एक संस्था चालत आली आहे. बांध राखणे, कालवे साफ ठेवणे, पाण्याची पातळी ठरवणे यांसाठी तेथे पाणी-मंडळे असतात, त्यांचा कर वेगळा असतो आणि त्यांच्या कारभाऱ्यांची निवडणूकही वेगळी होते. बांध फुटला तर जमीनदाराचे शेत आणि मजुराची झोपडी एकदमच बुडते, या साध्या जाणिवेतून ही व्यवस्था जन्माला आली. डच खेड्याचा शिस्तप्रिय, काहीसा हिशेबी आणि तरीही सहकारी स्वभाव या व्यवस्थेने घडवला असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईने जमीन पाण्यातून काढली, पण पाण्याची ही सामायिक जबाबदारी कोणाकडे सोपवली नाही. बांध सरकारने घातला, जमीन ज्याच्या हाती आली त्याची झाली आणि पाण्याचे काय होते हे पाहण्याचे काम कोणा दूरच्या खात्याकडे गेले. परळजवळच्या हिंदमाता परिसरात प्रत्येक पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते, ते कोणी नवे संकट नव्हे. बशीसारख्या खोलगट भागात पाणी येणारच. अलीकडे दादर आणि परळ येथील मैदानांखाली साठवण-टाक्या बांधून महापालिकेने उपाय योजले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी पाणी हटवले तेव्हाच ते काम सुरू व्हावयास हवे होते, आणि त्यात येथे राहणाऱ्यांना काही विचारले जावयास हवे होते.

गव्हर्नरांनी परळ सोडले तेही एका अर्थाने परळच्या हवापाण्यामुळेच. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी परळच्या निवासस्थानी पटकीने मरण पावली. त्यानंतर गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार हिलच्या टोकाला गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९९ साली याच रिकाम्या वाड्यात वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग-प्रयोगशाळा सुरू झाली. तिला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले. पुढे १९२६ साली केईएम रुग्णालय आणि त्याच्या जोडीचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, १९२९ साली मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय, १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय अशा संस्था याच परिसरात उभ्या राहिल्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेला रोगी आणि पदपथावर पथारी टाकून बसलेले त्याचे नातलग हे परळचे आजही न पालटलेले दृश्य आहे. राज्यकर्त्याने टाकलेल्या जागेचा लोकांसाठी केवढा उपयोग होऊ शकतो, याचा धडा परळने शंभर वर्षांपूर्वीच दिला होता.

### चाळीतले गाव

दुसरे गाव गिरण्यांनी वसवले. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेवला स्थापन झाली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी या पट्ट्याला गिरणगाव म्हटले. हा शब्द कोणा अधिकाऱ्याने काढलेला नाही. यंत्राच्या भोंग्यावर चालणाऱ्या वस्तीला तेथल्या माणसांनी आपण होऊन गाव म्हणावे, यात मोठा अर्थ आहे.

तो अर्थ चाळीच्या खोलीत सापडतो. एकेका कोकणी गावाच्या मंडळाने खोली घ्यायची, त्या गावातून येणाऱ्याने आपली ट्रंक तेथे ठेवायची, पाळीप्रमाणे झोपायचे आणि जेवायला खानावळवालीकडे जायचे, अशी ही व्यवस्था होती. कामगाराने आजारी पडावे, बेकार व्हावे किंवा मरावे, त्याची सोय पाहणारे कोणीतरी असे. खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांच्या श्रमावर हे सारे उभे होते, याची दखल उशिरा घेतली गेली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा ती घेतली गेली. ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग, परळचे दामोदर हॉल, तेथे रंगणारी कामगारांची नाटके, १९२८ चा संप आणि गिरणी कामगार युनियन, गल्लोगल्लीची भजनी मंडळे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले शाहीर या सर्वांनी गिरणगावाला त्याचा स्वभाव दिला. हा स्वभाव भांडखोर होता, उत्सवी होता आणि शेजारधर्माला जागणारा होता.

लालबागच्या प्रसिद्ध गणपतीची जन्मकथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पेरू चाळीचा बाजार १९३२ साली बंद झाला. उघड्यावर आलेल्या कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. आज ज्याच्या दर्शनासाठी लक्षावधी लोक रांगा लावतात, त्या उत्सवाच्या मुळाशी बाजारासाठी हक्काची जमीन मिळावी ही कष्टकऱ्यांची मागणी होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या गावाचे गुणगान करताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. कोकणातून आणि घाटावरून माणसांबरोबर जातही आली होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या खात्यात मज्जाव केला जात असे, आणि त्या खात्यात पगार अधिक होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. बाबासाहेब स्वतः पोयबावाडीतील बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षे राहिले; १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय दामोदर हॉलमध्येच होते. पुढे १९४८ साली घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याच्या कौतुकावर कठोर प्रहार केला. तेव्हा परळ 'गाव' राहावे असे म्हणणाऱ्याने कोणते गाव, हे आधी सांगितले पाहिजे. उतरंडीचे गाव कोणालाच नको आहे. ज्या गावात सामायिक गोष्टींवर सर्वांचा सारखा हक्क असतो आणि त्या हक्काविषयी बोलण्याची सर्वांना जागा असते, तेच राखण्याजोगे आहे. गिरणगाव तसे पूर्णपणे कधीच नव्हते. पण त्या दिशेने ते चालू लागले होते.

### मोडलेला शब्द

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. संपाचे यशापयश हा येथे विषय नाही. संपानंतर कापडापेक्षा कापडगिरणीची जमीन महाग ठरली, हा मुद्दा आहे. मुंबईतील गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीबाबत एक शब्द दिला. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करावयाचा असेल तर एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेली एक तृतीयांश मालकाला, असा हा वाटा होता. १९९६ साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समितीही नेमली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा सुटासुटा नव्हे, तर एकत्र विचार करावा, तेथे उद्याने, रस्ते आणि घरे यांची सांगड घालावी, असे त्या समितीने सुचवले होते. तो अहवाल अमलात आला नाही.

२००१ साली नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीपुरतीच करावी, असे ठरले. गिरणीचे आवार म्हणजे बहुतेक सगळे बांधकामच. त्यामुळे सार्वजनिक वाटा आक्रसून गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे संपला. नीतीच्या दृष्टीने तो संपलेला नाही.

या बदलाच्या समर्थकांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. १९९१ च्या नियमामुळे मालकांना पुनर्विकासात लाभ दिसेना, गिरण्या तशाच सडत राहिल्या, कामगारांची देणी अडकली आणि शहराला ना कापड मिळाले ना उद्यान, असे ते सांगतात. यात तथ्य नाही असे नाही. नव्या इमारतींनी रोजगार आणला, हेही खरे. परंतु वाटा व्यवहार्य नव्हता तर तो थोडा कमी करता आला असता, मुदत घालता आली असती, बांधकामाची सवलत वाढवून जमीन मिळवता आली असती. मधला मार्ग शोधण्याऐवजी सार्वजनिक वाट्याचा आधारच काढून घेतला गेला, आणि तो एका व्याख्येच्या फेरफाराने काढला गेला. अपरादित्याच्या अधिकाऱ्याने लोकांना कळावे म्हणून भाषा बदलली होती. येथे लोकांना कळू नये अशा भाषेत शब्द फिरवला गेला.

परिणाम डोळ्यांपुढे आहेत. गिरणीच्या जागी कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांत माणसे आली. परंतु स्थानकाचे जिने, पूल आणि पदपथ जुन्याच मापाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. पुढच्या वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. २०१७ च्याच डिसेंबरात एका जुन्या गिरणीच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. या दुर्घटनांची तात्कालिक कारणे वेगवेगळी होती. पण एका मोठ्या भूभागाचा एकत्र विचार न करता तुकड्यातुकड्याने विकास केला म्हणजे काय होते, याचे उत्तर दोन्हींत आहे.

आणि ज्यांनी हे गाव वसवले त्यांचे काय? घरासाठी सुमारे पावणेदोन लाख गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी अर्ज केले. २०१२ पासून सोडती निघाल्या, काही हजारांना परळ-लालबाग-वरळीच्या आसपास घरे मिळाली. बाकीच्यांसाठी शेलू आणि वांगणीचे, म्हणजे बदलापूरच्याही पुढचे प्रस्ताव पुढे आले. ज्याने आयुष्य लोअर परळच्या साच्यावर घालवले त्याच्या मुलाला घर तासाभराहून अधिक दूर, आणि त्याच साच्याच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्याची जाहिरात 'अप्पर वरळी' या नव्या नावाने. परळ हे नावदेखील आता काहींना कमीपणाचे वाटू लागले आहे.

या साऱ्यात एक विसंगती फारशी बोलली जात नाही. गिरणीतून निवृत्त होऊन रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातल्या आपल्या खेड्यात परतलेला कामगार तेथील ग्रामसभेत उभा राहू शकतो. गावच्या गायरानाचे काय झाले, रस्त्याचा पैसा कोठे गेला, असे तो सरपंचाला विचारू शकतो. हा हक्क त्याला संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने दिला आहे. ज्या परळमध्ये त्याने तीस वर्षे घाम गाळला, तेथील मैदानाविषयी हाच प्रश्न विचारण्यासाठी मात्र त्याला अशी कोणतीही सभा नाही. शहरांसाठी ७४ वी दुरुस्ती आली, प्रभाग समित्या आल्या, क्षेत्रसभांचा कायदाही राज्याने केला. पण परळच्या नागरिकाला क्षेत्रसभेचा अनुभव नाही. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तर महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. पाचशे उंबऱ्यांच्या खेड्याला जो अधिकार आहे तो लाखांच्या वस्तीला नसावा, याचे समर्थन कसे करणार?

म्हणून परळ गावाचे जतन म्हणजे चार जुन्या वास्तूंना पाट्या लावणे नव्हे. काळाचौकीच्या जुन्या गिरणीच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची योजना आहे. ती पुरी व्हावी. पण संग्रहालयात धोटा ठेवला आणि तो चालवणाऱ्याला शहराबाहेर ठेवले, तर तो इतिहासाचा आदर ठरणार नाही. उरलेल्या गिरणी-जमिनींवर कामगारांच्या घरांचा पहिला हक्क मानला पाहिजे. मैदाने, पदपथ आणि रुग्णालयांभोवतीची मोकळी जागा ही कोणत्याही सवलतीच्या बदल्यात देता येणार नाही, असे ठरवले पाहिजे. आणि परळला, लालबागला, शिवडीला आपापली क्षेत्रसभा मिळाली पाहिजे. तेथे चाळीतला रहिवासी आणि मनोऱ्यातला रहिवासी एकाच सतरंजीवर बसतील. हिंदमाताचे पाणी दोघांच्याही दारात येते. हॉलंडच्या शेतकऱ्याला जे बांधाने शिकवले ते परळला या पाण्याने शिकवावयास हरकत नाही.

परळने आजवर राजे पाहिले, पाद्री पाहिले, गव्हर्नर पाहिले, गिरणीमालक पाहिले. प्रत्येकाने या जमिनीविषयी काही शब्द दिला आणि बहुतेकांनी तो आपल्या सोयीने फिरवला. तरीही बारादेवीच्या आवारातील शिवापुढे दिवा लावला जातो आणि पत्त्यावर 'परळ गाव' लिहिले जाते. या चिवटपणावर विसंबून राहणे सोपे आहे. पण जमिनीचा शब्द पाळला जावा यासाठी बाराव्या शतकातल्या राज्यकर्त्याला निदान शापाचा तरी आधार घ्यावासा वाटला. आजच्या राज्यकर्त्यांना शापाचे भय नसेल. मताचे असावयास हरकत नाही. ते भय निर्माण करणे हे आता परळच्या माणसांच्याच हाती आहे.